विज्ञानकथांच्या तक्त्यात ‘बोध’ म्हणून काय लिहायचं?

कोलशेतची वाचक

नमस्कार मंडळी,

कोलशेत रोडवरच्या आमच्या सोसायटीत रविवारी संध्याकाळी मी मुलांचा वाचनकट्टा घेते. सहावी ते नववीची मुलं येतात. निम्मी मराठी शाळेतली, निम्मी इंग्रजी. इंग्रजी शाळेतल्यांना मराठी गोष्ट ऐकायला मनापासून आवडते, पण स्वतः वाचायला बसली की जोडाक्षरापाशी अडतात. म्हणून मी मोठ्याने वाचते आणि मुलांनी हात वर केला की थांबते. पुस्तकं मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणते. १८९३ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आपल्या ठाण्यात आहे याचा मला फार अभिमान आहे, आणि कट्ट्यावरच्या प्रत्येक मुलाने एकदा तरी तिथली कपाटं बघावीत असा माझा आग्रह असतो.

यंदा डॉ. जयंत नारळीकरांच्या कथा घेतल्या. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मुलांनी बातम्यांत नाव ऐकलं होतं, पण गोष्ट एकानेही वाचलेली नव्हती. ‘यक्षांची देणगी’ हातात घेतलं आणि ‘गंगाधरपंतांचं पानिपत’, ‘उजव्या सोंडेचा गणपती’ वाचून झाल्या. ‘धूमकेतू’ही झाली.

आता मुद्द्यावर येते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन. कमिटीने दोन्हींचा मिळून एक कार्यक्रम ठरवलाय आणि आमच्या कट्ट्याने लॉबीत लावायला मोठा तक्ता करावा असं सुचवलंय. कल्पना छानच आहे. फक्त रकाने आधीच आखून आले: कथेचं नाव, विषय, बोध. काही पालकांनी हौसेने मजकूरही पाठवला. ‘धूमकेतू’: अंधश्रद्धा बाळगू नये. ‘पानिपत’: एका पराभवाने खचून जाऊ नये. ‘गणपती’: विज्ञानाचा वापर चांगल्या कामासाठी करावा.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ही वाक्यं कथा न वाचताही लिहिता येतात, आणि तेच मला बोचतंय.

कट्ट्यावर प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. पानिपताची कथा ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचं पारडं फिरलं, हा आपला इतिहास. कथेतल्या दुसऱ्या जगात ती गोळी कानाला चाटून जाते. विश्वासराव वाचतात, मराठे जिंकतात आणि इंग्रज मुंबईच्या परिसरापुरते उरतात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातात त्या जगात जाऊन पडतात आणि पुण्याहून जिजामाता एक्सप्रेसने मुंबईला निघतात. वाचन इथवर आलं आणि सातवीतल्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील रेल्वेत आहेत. त्याने विचारलं, “इंग्रज मुंबईतच होते ना, मग पुण्याची लाइन टाकली कुणी?”

पुढचा अर्धा तास मी गप्प होते. “मराठ्यांनीच टाकली असेल.” “इंजिन कुठून आणलं?” “विकत घेतलं.” “इंग्रज विकतील का आपल्याला?” “फ्रेंच विकतील की!” नववीतली एक मुलगी म्हणाली, “पण लढाई जिंकल्यावर सैन्याचा पगार आधी द्यायचा की रेल्वे आधी?” हा प्रश्न मलाही सुचला नसता.

मला वाटतं, चांगली विज्ञानकथा एकच गोष्ट बदलते आणि मग त्या बदलाचा हिशेब शेवटपर्यंत प्रामाणिकपणे मांडते. मूल शिकतं ते हा हिशेब मांडायला. शेवटी एक ओळ काढून भिंतीवर लावली की हिशेब पुसला जातो आणि उरतं ते उत्तर, तेही कुणीतरी आधीच काढून दिलेलं.

तर विचारायचंय असं की, हे तक्त्यावर दाखवायचं कसं? तुमच्यापैकी कुणी मुलांबरोबर विज्ञानकथा वाचल्या असतील तर त्यातून काय काय निघालं तेही लिहा. माझ्या हाताशी या तीनच कथांचा अनुभव आहे.

---

अकरावीची आई, वाशी

ताई, उपक्रम फार छान आहे. पण बोधाच्या रकान्यावर तुम्ही जरा जास्तच रागावलात असं वाटलं.

माझा मुलगा अकरावीत आहे. एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजीच्या पुस्तकात हीच पानिपताची कथा ‘द ॲडव्हेंचर’ म्हणून धडा आहे. परीक्षेत कथेचा आशय विचारतात आणि तो चार ओळींत लिहावा लागतो. ज्याला तो लिहिता येत नाही त्याला कथा कळली नाही असंच धरतात, आणि मला त्यात फार गैर वाटत नाही. वाचलेलं थोडक्यात सांगता येणं हेही एक कसब आहे.

शिवाय लॉबीतला तक्ता कोण वाचणार? लिफ्टची वाट बघणारी माणसं. त्यांच्या हाती अर्धं मिनिट असतं. तिथे तुम्ही “विचार करा” म्हणालात तर लिफ्ट येईल आणि माणूस निघून जाईल. एक स्पष्ट वाक्य असेल तर ते निदान घरी जाईल, कदाचित जेवताना निघेल. माझ्या सासूबाई सातवीपर्यंत शिकल्या. त्यांना आजही लहानपणच्या धड्यांची तात्पर्यं आठवतात, आणि तात्पर्य सांगता सांगता अख्खी गोष्ट आठवते. म्हणजे त्या ओळीला धरूनच गोष्ट टिकली ना?

---

कोलशेतची वाचक

सासूबाईंचं उदाहरण मला पटलं. ओळीला धरून गोष्ट टिकते हे खरंच आहे. म्हणूनच ती ओळ त्याच गोष्टीची असावी, दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला डकवता येईल अशी नसावी, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या मुलाच्या धड्यातलाच प्रसंग घ्या. गंगाधरपंत आपल्या जगात परत येतात आणि राजेंद्र देशपांडे या मित्राला सगळं सांगतात. मित्र ऐकून घेतो, पण अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या मनाचे खेळ म्हणूनच. मग गंगाधरपंत खिशातून एक पान काढतात. ‘भाऊसाहेबांची बखर’ या पुस्तकातलं, तिकडच्या ग्रंथालयातून चुकून त्यांच्याबरोबर आलेलं. इकडच्या छापील प्रतीत विश्वासरावांना गोळी लागते आणि या पानावर ती कानाला चाटून जाते. तेवढ्या एका कागदाने राजेंद्रचा सूर बदलतो. मग तो कॅटॅस्ट्रॉफी थिअरी (छोट्याशा बदलाने सगळं चित्र एकदम कसं पालटतं त्याचं गणित) काढतो, क्वांटम सिद्धांत काढतो आणि मित्राच्या अनुभवाला जागा देता येते का ते बघायला बसतो.

इथे मी थांबले आणि मुलांना विचारलं, “पान खिशात राहिलं नसतं तर?”

आठवीतली एक मुलगी, एरवी फारशी बोलत नाही, म्हणाली: “मग राजेंद्रने विश्वास ठेवायला नको होता. गंगाधरपंत खरं बोलत असले तरी.”

खोलीत लगेच दोन तट पडले. काहींना हा मित्रावर अन्याय वाटला. खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं ठरवायचं, ही कुठली मैत्री? मुलगी आपल्या म्हणण्यावर ठाम. ती म्हणाली, “खोटं नाही ठरवायचं. पुरावा दे म्हणायचं आणि थांबायचं.” माझ्या मते शास्त्राचा स्वभाव यापेक्षा नेमका सांगता येणार नाही, आणि तो तेरा वर्षांच्या मुलीने सांगितला, कारण कथेने तो कागद तिच्यासमोर ठेवला होता. ‘पराभवाने खचू नये’ या वाक्यात तो कागद कुठेच नाही.

तुमच्या मुलाला हा प्रश्न विचारून बघाल का? पुस्तकात उत्तर नाही, पण अकरावीतला मुलगा काय म्हणतो ते ऐकायला मला खरोखर आवडेल.

---

नौपाड्याचा जुना वाचक

रेल्वेवाल्याच्या मुलाचा प्रश्न अव्वल दर्जाचा आहे. त्याला माझ्याकडून हे पोचवा.

आपली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली. २१ मैल, १४ डबे, सुमारे ४०० माणसं आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ती इंग्रजांच्या राज्यात आली. पण रेल्वेसाठी गोऱ्याचं राज्य असावंच लागतं असं काही नाही. जपानचं बघा. त्यांची पहिली लाइन १८७२ ची, शिंबाशी ते योकोहामा. जपान कुणाचं गुलाम नव्हतं. लंडनच्या बाजारात कर्ज उभारलं, एडमंड मोरेल नावाचा इंग्रज मुख्य इंजिनिअर पगारावर ठेवला, काम शिकून घेतलं आणि मग पुढचं आपलं आपण करायला लागले. म्हणजे ‘इंजिन विकत घेतलं’ म्हणणारं पोर बरोबर वाटेवर आहे, आणि ‘पैसे आधी कुणाला’ विचारणारी मुलगी तर त्याच्याही पुढे आहे.

आता ठाणेकर म्हणून माझी एक भर. कथेत कल्याण मागे टाकून गाडी बोगद्यातून बाहेर पडली की ‘सरहद्द’ स्टेशन येतं आणि तिथून इंग्रजांची हद्द सुरू होते. मुंब्र्याकडून पारसिकच्या बोगद्यातून येणाऱ्या कुणालाही कळेल की ही हद्द आपल्या खाडीच्या आसपासच पडते. म्हणजे त्या जगात ठाणं इंग्रजांकडे!

इथे मुलांना कामाला लावा. आपल्या इतिहासात ठाण्याचा किल्ला आणि साष्टी मराठ्यांनी १७३७ च्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतली. तोच किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला डिसेंबर १७७४ मध्ये, म्हणजे पानिपतानंतर जवळजवळ १४ वर्षांनी, पुण्यात वारसाहक्काचा घोळ चालू असताना. आता विश्वासराव जिवंत आहेत, भाऊसाहेब परत आले आहेत, दरारा वाढलेला आहे. अशा दरबाराकडून इंग्रजांनी ठाणं घेतलं कसं? विकत? तहात? की लेखकाला मुंबई इंग्रजी ठेवायची होती म्हणून हद्द तिथवर ओढली? उत्तर कुठलंही येवो, १७६१ ते १७७४ ही जवळजवळ चौदा वर्षं मुलांना पुन्हा उघडून बघावी लागतील. मी चाळीस वर्षं इतिहास वाचतोय. ‘असं झालं नसतं तर’ हा प्रश्न विचारला की ‘असं का झालं’ हे जितकं लख्ख दिसतं, तितकं नुसतं सनावळ्या वाचून दिसत नाही.

---

ऐरोलीचा केमिस्ट

‘उजव्या सोंडेचा गणपती’वर कुणीच काही लिहिलं नाही. मी लिहितो, कारण ती कथा म्हणजे माझं पोटापाण्याचं काम आहे.

रबाळ्याला औषधाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये माझी सगळी नोकरी झाली. कथेत माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटून येतो आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. वाचणाऱ्याला गंमत वाटते. आम्हा लोकांना मात्र डावं-उजवं हा रोजचा प्रश्न. अनेक रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात. अणू तेच, जोडणी तीच, वजन तेच, पण एकावर एक ठेवले तर बसत नाहीत. काट्यावर फरक दिसत नाही, वितळबिंदूत दिसत नाही. दिसतो तो पोलॅरिमीटरमध्ये, म्हणजे प्रकाशलहरी कुठल्या प्रतलात हलतात ते मोजणाऱ्या यंत्रात. एक रूप प्रकाशाचं प्रतल उजवीकडे फिरवतं, दुसरं तेवढंच डावीकडे. लुई पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असे डावे-उजवे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक करून वेगळे केले होते. आजही ते वाचताना मला भरून येतं. हातात चिमटा, समोर ढीग, आणि माणसाने तो निवडला.

मुलांना नाकाने पटेल असं उदाहरण देतो. कार्व्होन नावाचा रेणू आहे. त्याचं एक रूप बाळंतशेपात असतं, दुसरं पुदिन्यात. रेणू तोच, फक्त आरशातला. दोन्ही वाट्या डोळे मिटून हुंगायला द्या आणि मग सांगा की हा फरक बऱ्याच अंशी डाव्या-उजव्याचा आहे. आपल्या नाकातले ग्राहक रेणूही एका हाताचेच असतात, म्हणून त्यांना फरक कळतो.

आता कथेच्या पुढचा प्रश्न. माणूस उलटून आला, ठीक. जेवायचं काय? आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या अमिनो आम्लांची बनलेली, साखर उजवी. उलटलेल्या माणसाची पाचकद्रव्यंही उलटलेली असणार. समोर वरण-भात वाढला तर तो पोटात जाईल, पण अंगी लागणार नाही. मीठ आणि पाणी तेवढं चालेल. भरल्या ताटावर बसून माणूस उपाशी मरेल. नातेवाईक म्हणतील, नीट जेवतोय की! हा प्रश्न नववीच्या मुलांना द्या आणि बघा काय होतं ते.

पालकांनी लिहिलेलं ‘विज्ञानाचा वापर चांगल्या कामासाठी करावा’ हे वाक्य वाचून मला थॅलिडोमाइड आठवलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी हे औषध बाजारात आलं आणि गर्भवती बायकांना मळमळीवर दिलं गेलं. हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घ्यायला सुरुवात झाली. त्या औषधातही डावं-उजवं होतं, आणि एकच रूप वेगळं करून दिलं तरी शरीरात ते दुसऱ्यात बदलतं. ज्यांनी ते दिलं त्यांचा हेतू चांगलाच होता. मळमळ थांबवायची होती. म्हणून ‘चांगल्या कामासाठी’ एवढं म्हणून मला पुरेसं वाटत नाही. आधी तपासलं का, कशावर तपासलं, काय तपासायचं राहिलं, हे विचारायला मुलांना शिकवा. आमच्याकडे बॅचच्या कागदावर सही करताना मी हेच विचारायचो.

---

महापे नाइट शिफ्ट

‘धूमकेतू’बद्दल थोडंसं. कथा लिहिली तेव्हा पृथ्वीकडे येणारा धूमकेतू वळवणं ही कल्पनाच होती. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. आपल्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची त्याची प्रदक्षिणा ११ तास ५५ मिनिटांची होती, ती साधारण ११ तास २३ मिनिटांवर आली. अण्वस्त्र नाही, नुसती धडक. आणि सगळं थेट प्रक्षेपणात. मी शिफ्टवरच होतो, आपल्याकडे २७ च्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास मोबाइलवर बघितलं. शेवटच्या चित्रांत दगडगोटे मोठे होत जातात आणि चित्र अर्ध्यातच तुटतं.

कथेत हे सगळं गुपचूप चालतं, लोकांना कळू देत नाहीत. मुलांना विचारा, कळवावं की नाही? कोविडमध्ये आपण सगळ्यांनीच बघितलंय की माहिती लपवली तरी अफवा पसरतात आणि सांगितली तरी पसरतात. मला अजून उत्तर सापडलेलं नाही, पण मी कळवावं याच बाजूचा आहे.

---

कोलशेतची वाचक

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत! केमिस्टकाका, ताटावर बसून उपाशी राहणाऱ्या माणसाबद्दल मी घरी सांगितलं तर माझी मुलगी जेवायची थांबली आणि म्हणाली, “म्हणजे त्याच्यासाठी उलट्या डाळीचं शेत लावावं लागेल.”

‘धूमकेतू’बद्दल माझाही अनुभव लिहिते. कथेत शोध लावणारे दत्त हे हौशी निरीक्षक. बायकोच्या मनात धूमकेतू म्हणजे अशुभ. शास्त्रज्ञ आपलं काम गुपचूप करतात, इकडे घरी यज्ञ होतो. संकट टळतं आणि घरच्यांच्या मते ते यज्ञाने टळलं. आमच्याकडे सहावीतला एक मुलगा विचारात पडला. “यज्ञ पण झाला, रॉकेट पण गेलं. मग वाचलो कशामुळे हे कसं कळणार?”

पालकांच्या वाक्यात याचं उत्तर नाही. ‘अंधश्रद्धा बाळगू नये’ म्हटलं की मूल मान हलवतं आणि घरी जाऊन दाराला लिंबू-मिरची बांधलेली बघतं. त्या मुलाला मी नारळीकरांनी स्वतः केलेली चाचणी सांगितली. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २०० पत्रिका जमवल्या होत्या. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना आवाहन केलं: प्रत्येकी ४० पत्रिका पाठवतो, कोणती कुणाची ते ओळखा. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के आलं. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आलं असतं.

मुलांना भावलं ते हे की त्यांनी कुणाला मूर्ख म्हटलं नाही. काय झालं तर मी हरलो म्हणेन, हे आधी ठरवलं आणि मग मोजलं. मुलाने लगेच यज्ञाची चाचणी आखायला घेतली: दहा धूमकेतू, पाचांवर यज्ञ, पाचांवर रॉकेट. मग त्याच्याच लक्षात आलं की चाचणी पुरी व्हायच्या आत पृथ्वी संपेल. एकदाच घडणाऱ्या गोष्टीची चाचणी कशी करायची, हा प्रश्न आमच्याकडे अजून उघडाच आहे, आणि तो मी तसाच ठेवणार आहे.

तर तक्त्याचं मी असं ठरवलंय. पहिला रकाना कथेचं नाव. दुसऱ्यात कथेने बदललेली एकच गोष्ट: ‘गोळी कानाला चाटून गेली’, ‘माणूस आरशातल्यासारखा उलटा झाला’, ‘धूमकेतू थेट आपल्याकडे निघाला’. तिसऱ्यात मुलांनी काढलेले परिणाम, त्यांच्याच अक्षरात आणि त्यांच्याच शब्दांत, अगदी उलट्या डाळीच्या शेतासकट. वाशीच्या ताईंचं ऐकून खाली एक ठळक ओळही देणार आहे, लिफ्टपाशी उभ्या असलेल्यांसाठी. पानिपतासाठी त्या मुलीची: “खोटं नाही ठरवायचं. पुरावा दे म्हणायचं आणि थांबायचं.” कमिटीशी बोलले. अध्यक्षकाकांना रेल्वेचा प्रश्न फार आवडला आणि ते स्वतःच फ्रेंचांच्या बाजूने वाद घालायला लागले.

आणखी एक ठरलंय. मुलं स्वतःच्या कथा लिहिणार आहेत, एकच गोष्ट बदलायची या अटीवर. त्या बिननावाने द्यायच्या. १९७४ मध्ये नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, जयंत विष्णू नारळीकर या आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून. पहिलं बक्षीस त्या कथेला मिळालं, प्रसिद्ध शास्त्रज्ञाला नाही. आमच्या कट्ट्यावर कुणाची आई परीक्षक आहे, कुणाचे बाबा कमिटीत आहेत. त्यामुळे ही पद्धत आम्हाला फार कामाची आहे.

केमिस्टकाका, कार्यक्रमात मुलांना ते प्रकाश फिरणं प्रत्यक्ष दाखवता येईल का? पोलॅरिमीटर आमच्याकडे कुठून येणार!

---

अकरावीची आई, वाशी

मुलाला विचारलं. म्हणाला, “पान नसतं तर राजेंद्रने विश्वास ठेवला नसता, पण त्याने मित्राला घेऊन पुन्हा त्या अपघाताच्या जागी जायला हवं होतं.” मी म्हटलं हे परीक्षेत लिहू नकोस, आणि मग वाटलं, का लिहू नये? त्याच्या बाईंना विचारते. ठळक ओळ ठेवलीत त्याबद्दल धन्यवाद. २७ ला संध्याकाळी कार्यक्रम असेल तर आम्ही ट्रान्स-हार्बर लोकलने येऊ.

---

ऐरोलीचा केमिस्ट

पोलॅरिमीटर लागत नाही. एलसीडी स्क्रीनचा जुना लॅपटॉप घ्या. त्याच्या पडद्यातून येणारा प्रकाश आधीच एका प्रतलात असतो. पोलरॉइड गॉगल घ्या. गॉगल पडद्यासमोर धरून फिरवला की एका कोनात काच काळीकुट्ट होते. पडद्यावर पांढरं कोरं पान उघडा आणि तो कोन शोधून ठेवा.

मग साखरेचा गुलाबजामसारखा दाट पाक करा, पूर्ण गार आणि स्वच्छ गाळलेला. सपाट बाजूची काचेची बरणी किंवा छोटं चौकोनी फिशटँक मिळालं तर उत्तम. प्रकाशाला पाकातून निदान वीतभर जाता आलं पाहिजे. ती पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये ठेवा. मघाशी काळी झालेली काच पाकापुरती उजळते, आणि गॉगल सावकाश फिरवला की पाकात रंग बदलत जातात, कारण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त फिरतो. आधी बरणीत साधं पाणी घालून दाखवा. पाण्याने काही होत नाही. ते दाखवल्याशिवाय पाक दाखवू नका, नाहीतर मुलं म्हणतील बरणीचीच करामत आहे.

मग विचारा: आरशातली साखर घातली असती तर रंग कुठल्या क्रमाने आले असते?

लॉबीतले दिवे बंद करता आले पाहिजेत. गॉगल मी आणतो, माझ्याकडे दोन आहेत. पाक आदल्या रात्री करून ठेवा, गरम पाकात हलत्या रेघा दिसतात आणि सगळा खेळ बिघडतो.